गैरहजर माणसाचा पुकारा

तालुक्याच्या कोर्टात एकदा तरी गेलेल्या माणसाला पुकारा ठाऊक असतो. पट्टेवाला दाराशी येतो, हातातल्या बोर्डावरचं नाव मोठ्यानं घेतो, पुन्हा घेतो, तिसऱ्यांदा घेतो. सिनेमातलं ‘हाजिर हो’ जरा नाटकी असतं. खऱ्या कोर्टातला पुकारा बहुधा कंटाळलेल्या आवाजातला असतो. नाव घेतलेला माणूस आला नाही, तर न्यायाधीश मान वर न करता रोजनाम्यात दोन शब्द लिहितात आणि कारकून वॉरंटाचा छापील फॉर्म ओढून घेतो. मी पस्तीस वर्षं तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या कोर्टांत वकिली केली. एवढ्या वर्षांत मला सर्वांत जास्त वेळा पडलेला प्रश्न खुनाबिनाचा नव्हता. ‘साहेब, माझ्यावर वॉरंट आहे का, ते बघता का?’ हाच तो प्रश्न.

हाच प्रश्न अमेरिकेच्या खेड्यापाड्यांतली माणसंही विचारतात, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. तिकडे या कागदाला ‘बेंच वॉरंट’ म्हणतात. बेंच म्हणजे न्यायासन. नेहमीच्या अटक-वॉरंटासाठी पोलिसानं शपथेवर सांगावं लागतं, की अमक्यानं तमका गुन्हा केल्याचा सबळ संशय आहे. बेंच वॉरंटाला तशा शपथपत्राची गरज सहसा पडत नाही. तारीख दिलेली होती, नाव पुकारलं गेलं, खुर्ची रिकामी राहिली. साक्षीदार स्वतः न्यायाधीशच! म्हणून ते न्यायासनावरून थेट निघतं. मूळ खटला गाडी जोरात चालवल्याचा असो, कुत्र्याला पट्टा न बांधल्याचा असो की चोरीचा. वॉरंट निघतं ते गैरहजेरीचं.

या कागदाचं मूळ शोधायला इंग्लंडातल्या काउंटीत जावं लागतं. काउंटी म्हणजे आकारानं आणि कारभारानं आपला तालुका आणि जिल्हा यांच्या मधलं काहीतरी. तिचा अधिकारी शेरीफ. ‘शायर’ म्हणजे प्रांत आणि ‘रीव्ह’ म्हणजे कारभारी, या दोन शब्दांचा झिजून झालेला हा शब्द. मध्ययुगात आरोपी हजर झाला नाही की राजाच्या न्यायालयातून शेरीफला हुकूम जाई, की याला पकडून आण. सापडला नाही, तर पुढचा हुकूम निघे तो मोठा विलक्षण होता. काउंटीचं कोर्ट साधारण महिन्याला भरे. अशा लागोपाठ पाच कोर्टांत शेरीफनं त्याचं नाव जाहीरपणे पुकारायचं. पाचव्या पुकाऱ्यालाही तो आला नाही, तर तो कायद्याबाहेरचा ठरे. त्याची मालमत्ता जप्त होई. जुन्या काळी तर अशा माणसाला ‘लांडग्याचं डोकं’ म्हणत. लांडगा मारला तर कोण विचारतो, तसा तोही कुणी मारावा. शिक्षा क्रूर होती यात शंका नाही. पण पाच महिने, पाच बाजार-दिवस, सगळ्या गावादेखत नाव घेतलं जाई. ज्याच्यावर संकट येतंय त्याच्या भावकीतल्या, शेजारपाजारच्या कुणाच्या तरी कानी ते पडल्याशिवाय राहत नसे.

या पद्धतीचा सर्वांत गाजलेला बळी, किंवा खरं तर बळी न पडलेला माणूस, म्हणजे जॉन विल्क्स. खासदार, पत्रकार आणि पक्का उपद्व्यापी गृहस्थ. ‘नॉर्थ ब्रिटन’ या पत्राच्या 45 व्या अंकात राजाच्या भाषणावर टीका केली म्हणून 1763 मध्ये त्याच्यामागे सरकार लागलं. पुढच्या वर्षी तो फ्रान्समध्ये असतानाच दोषी ठरला आणि शिक्षा ऐकायला हजर झाला नाही. रीतसर पाच पुकारे झाले आणि 1764 च्या नोव्हेंबरात तो कायद्याबाहेरचा जाहीर झाला. चार वर्षांनी, 1768 मध्ये, हा पठ्ठ्या परत आला, लंडनला लागून असलेल्या मिडलसेक्स काउंटीतून निवडणूक लढला, जिंकला आणि मग आपणहून न्यायालयासमोर उभा राहिला. सरन्यायाधीश लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी जून महिन्यात निकाल दिला, की विल्क्सला कायद्याबाहेर ठेवणारा हुकूम रद्द. कारण काय? कागदावर शेरीफनं ‘माझ्या काउंटी कोर्टात’ पुकारा केला असं लिहिलं होतं, ‘मिडलसेक्सच्या’ हा शब्द तिथं घालायचा राहिला होता! ज्या काउंटीनं त्याला निवडून दिलं, तिचंच नाव गळाल्यामुळे तो सुटला. पण सुटला म्हणजे तरी काय? हुकूम रद्द झाल्यावर दहाच दिवसांत मूळ खटल्याची शिक्षा सुनावली गेली. 22 महिने कैद आणि 1000 पौंड दंड. वॉरंट मिटलं म्हणजे खटला मिटला नव्हे, हे माझ्या पक्षकारांना समजावता समजावता माझा घसा बसायचा. विल्क्सची गोष्ट आधी ठाऊक असती तर तीच सांगितली असती.

इंग्रज अमेरिकेला गेले ते काउंटी, शेरीफ आणि वॉरंट हे सगळं बोचक्यात बांधूनच. व्हर्जिनियात 1634 मध्ये आठ शायर आखले गेले. आज अमेरिकेत तीन हजारांहून अधिक काउंट्या आहेत. एकट्या टेक्सासमध्ये 254. त्यांतल्या लव्हिंग काउंटीची लोकसंख्या 2020 च्या जनगणनेत 64 भरली; आपल्याकडे एका वाड्यात याहून जास्त माणसं असायची. पण तिथंही शेरीफ आहे, कोर्ट आहे. लोक दूरदूर पसरलेले आणि न्यायाधीश मोजके, म्हणून पूर्वी न्यायाधीशच फिरतीवर निघत. अब्राहम लिंकननं इलिनॉयमध्ये अशाच फिरत्या कोर्टाबरोबर घोड्यावरून आणि बग्गीतून हिंडत वर्षानुवर्षं वकिली केली. वसंतात एक फेरी, शरदात एक. न्यायाधीश गावात आले की कोर्ट भरायचं, गेले की दाराला कुलूप. जो त्या दिवसांत चुकला, त्याचं वॉरंट पुढच्या फेरीपर्यंत कपाटात.

या कपाटाचीच खरी गंमत आहे, आणि खरा धोकाही. बेंच वॉरंट आपोआप संपत नाही. दूध नासतं, औषधाची मुदत उलटते, पण हा कागद दहा वर्षांनीही ताजा असतो. आपल्याकडेही तेच. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या 70 व्या कलमात लिहिलं होतं, की वॉरंट बजावलं जाईपर्यंत किंवा ज्यानं काढलं त्या कोर्टानं रद्द करेपर्यंत ते जिवंत राहील. 1 जुलै 2024 पासून संहिता जाऊन नागरिक सुरक्षा संहिता आली, कलमाचा आकडा 72 झाला, वाक्य तेच राहिलं. दोन्हीकडचा कायदा एकाच इंग्रजी मुळाचा, त्यामुळे दुखणंही एकच.

जुन्या काळी त्यावर एक नैसर्गिक उतारा होता. काउंटीची सीमा. अठराव्या शतकातला कायदेपंडित ब्लॅकस्टोन सांगतो, की यॉर्कशायरच्या दंडाधिकाऱ्याचं वॉरंट मिडलसेक्समध्ये चालवायचं तर तिथल्या दंडाधिकाऱ्यानं त्याच्या पाठीवर सही करावी लागे. म्हणजे कुणीतरी दुसरा माणूस तो कागद हातात घेऊन वाचायचा. अमेरिकेतही खेड्यातल्या काउंटीचं किरकोळ वॉरंट वेशीबाहेर फारसं जात नसे. 1967 च्या जानेवारीत एफबीआयनं गुन्हेविषयक माहितीचं राष्ट्रीय संगणककेंद्र सुरू केलं, पुढं राज्याराज्यांची अशीच केंद्रं जोडली गेली, आणि कपाटातला कागद गाडीत बसलेल्या पोलिसाच्या पडद्यावर दिसू लागला. तरीही खर्चाचा प्रश्न उरतोच. आरोपी दुसऱ्या टोकाला सापडला तर त्याला आणायचा खर्च काउंटीच्या डोक्यावर. म्हणून किरकोळ वॉरंटांवर शेरा असतो, की फक्त आमच्या काउंटीत किंवा शेजारच्या राज्यांतच पकडा. परिणाम असा, की लांब राहणारा माणूस वर्षानुवर्षं निवांत असतो. आणि काउंटीतच राहणारा गरीब, मागचा दिवा गेलेल्या गाडीसाठी अडवला जातो तेव्हा हातकड्या घालूनच घरच्यांना निरोप पाठवतो.

खेड्यात माणूस तारखेला का येत नाही, हे शहरात बसून नीट कळत नाही. पळून गेला, असं आपण म्हणतो. प्रत्यक्षात तिकडच्या ग्रामीण काउंटीत सार्वजनिक बस जवळपास नसतेच. कोर्ट तीस-चाळीस मैलांवर, ते भरणार महिन्यातले ठरावीक दिवस, त्याच दिवशी कामावर खाडा केला तर नोकरी जाण्याची भीती. आणि वाहतूक गुन्ह्यात परवाना आधीच निलंबित झालेला असेल, तर कोर्टात जायला गाडी चालवणं हाच नवा गुन्हा! समन्स जुन्या पत्त्यावर जातं. दंड भरायला पैसे नसतात, आणि पैशाशिवाय गेलं तर आत टाकतील या भीतीनं माणूस जातच नाही. ही भीती अगदीच निराधार नव्हती. जॉर्जियाच्या कटूसा काउंटीत बेअर्डन नावाच्या माणसाला 1980 मध्ये शिक्षेऐवजी देखरेखीखाली सोडलं, दंड आणि भरपाई मिळून 750 डॉलर भरायच्या अटीवर. आईवडिलांकडून उसने घेऊन त्यानं 200 भरले. मग सतरंज्यांच्या गिरणीतली नोकरी गेली. नववीपर्यंत शिकलेला, वाचताही न येणारा तो माणूस काम शोधत हिंडला. पैसे भरायला उशीर होईल असं त्यानं आधी कळवलंही. तरी त्याला तुरुंगात घातलं. 1983 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निर्णय फिरवला. न्यायमूर्ती सँड्रा डे ओकॉनर यांनी लिहिलेल्या निकालाचा अर्थ असा, की तुरुंगात घालण्याआधी कोर्टानं विचारलं पाहिजे, हा माणूस मुद्दाम भरत नाही की भरूच शकत नाही? हा खटला गैरहजेरीच्या वॉरंटाचा नव्हे, पण दुखणं त्याच घरातलं.

निकाल झाला म्हणून चाल बदलत नाही, हे आपल्याला नव्यानं सांगायला नको. मिसुरी राज्यातलं फर्ग्युसन हे खेडं नव्हे, सेंट लुइसचं उपनगर, 2015 च्या सुमारास वस्ती साधारण 21 हजार. केंद्रीय न्याय खात्यानं 2015 मध्ये तिथल्या कारभाराचा अहवाल काढला तेव्हा त्या एका छोट्या कोर्टाची वॉरंटं 16 हजारांहून अधिक लोकांवर प्रलंबित निघाली. अर्थात ते सगळे गावातले नव्हते. जाता-येता अडवलेलेही होते. वॉरंट हे न्यायाचं साधन न राहता नगरपालिकेच्या तिजोरीचं साधन झालं होतं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नव्या न्यायाधीशांनी 2014 अखेरपर्यंत निघालेली सगळी अटक-वॉरंटं एका हुकुमानं मागे घेतली.

आता आपल्यावर असं वॉरंट आहे का, हे शोधायचं कसं? माझ्या भाच्याला हा धडा फुकट मिळाला; म्हणजे वकिलाची फी सोडून. तो तिकडे शिकत असताना एका ग्रामीण काउंटीतून जाणाऱ्या महामार्गावर जास्त वेगाबद्दल त्याला चिठ्ठी मिळाली. परीक्षा, मग घर बदलणं, चिठ्ठी कुठल्याशा पुस्तकात गेली. दोन वर्षांनी परवान्याचं नूतनीकरण अडलं तेव्हा कळलं, की त्या काउंटीत साहेबांच्या नावानं वॉरंट आहे. त्यानं मला फोन केला, जणू मी तिथला वकील! मी एवढंच सांगितलं, की पोलिसांकडे आधी जाऊ नकोस, कोर्टाच्या कारकुनाला फोन कर. नंतर कळलं, तिथले जाणकारही हेच सांगतात. शेरीफच्या कचेरीत जाऊन ‘माझ्यावर वॉरंट आहे का’ असं विचारणाऱ्याला ‘आहे, बसा’ असं उत्तर मिळू शकतं. कोर्टाच्या कारकुनाकडे खटल्यांची नोंदवही असते. नाव आणि जन्मतारीख सांगितली की खटल्याचा क्रमांक, वॉरंटाची तारीख आणि जामिनाची रक्कम कळते. कित्येक काउंट्या आता यादी संगणकावर टाकतात, काही ठिकाणी गावच्या साप्ताहिकात छापतात. पण सर्वांत लहान काउंट्यांत अजूनही टेबलामागची ती एक बाईच सर्वज्ञ. ती सल्ला देणार नाही, नियमानं देताही येत नाही. पण न्यायाधीश कधी बसतात हे सांगते. पुढं स्थानिक वकिलानं वॉरंट मागे घेण्याचा अर्ज केला, न्यायाधीशांनी नवी तारीख दिली, दंड आणि वर कोर्टखर्च भरून प्रकरण संपलं. वकील परवडत नसेल तर माणूस स्वतः कोर्टाच्या वेळेत जाऊन उभा राहू शकतो, आणि आपणहून आलेल्याकडे न्यायाधीश बहुधा वेगळ्या नजरेनं बघतात. मी दोन्ही बाजूंनी कोर्ट पाहिलंय, हे नक्की सांगू शकतो.

जाता जाता एक इशारा. ‘तुमच्यावर वॉरंट आहे, आत्ता पैसे भरा’ असे फोन तिकडेही येतात, इकडच्या ‘डिजिटल अटके’सारखेच. कोर्ट असा फोन करून पैसे मागत नाही.

ज्यांना कारकुनाला फोन करण्याचंही धैर्य होत नाही, त्यांच्यासाठी 2005 मध्ये क्लीव्हलँड शहरात एक वेगळा प्रयोग झाला. फरारी आरोपींना पकडणाऱ्या केंद्रीय मार्शलांनीच एका चर्चमध्ये चार दिवस कोर्ट मांडलं. न्यायाधीश, सरकारी वकील, बचावाचे वकील सगळे तिथंच. आपणहून या, असं आवाहन केलं. आठशेहून अधिक माणसं आली आणि बहुतेक त्याच दिवशी घरी गेली. पोलिस ठाण्याची पायरी न चढणारा माणूस चर्चची पायरी चढला.

पण मला त्याहून आवडलेला प्रयोग नेब्रास्का राज्यातला. मक्याची शेतं, गुरं, लांबलांबची गावं. 2009-10 च्या सुमारास तिथल्या चौदा काउंट्यांत संशोधकांनी किरकोळ गुन्ह्यांच्या आरोपींना तारखेआधी साधं पोस्टकार्ड धाडून पाहिलं. ज्यांना कार्ड नव्हतं त्यांच्यात गैरहजेरीचं प्रमाण 12.6 टक्के होतं. न आल्यास काय होईल, हे ज्यांच्या कार्डावर लिहिलं होतं त्यांच्यात ते 8.3 टक्क्यांवर आलं. म्हणजे न येणाऱ्या दर तिघांतला एक जण निव्वळ एका पोस्टकार्डानं आला. पाच काउंटी-कोर्टांतला तो जुना पुकारा, फक्त पोस्टमनच्या आवाजात. पुढं न्यूयॉर्क शहरात मोबाइलवर संदेश पाठवूनही असाच गुण आला. मला मात्र वाटतं, शहरापेक्षा खेड्यातल्या माणसाला या आठवणीची गरज जास्त. त्याची एक चुकलेली तारीख सुधारायला पुढचा महिना उजाडावा लागतो.

आपल्याकडे पुकारा कायद्यात अजून शिल्लक आहे. वॉरंट बजावता येत नसेल तर कोर्ट जाहीरनामा काढतं. तो गावातल्या ठळक जागी वाचून दाखवायचा, घरावर आणि कोर्टात डकवायचा, आणि किमान तीस दिवसांची मुदत द्यायची. वॉरंट रद्द झाल्याची दवंडी मात्र कुणी देत नाही. मुंबईतल्या एका वकिलावर 2002 च्या ऑगस्टमध्ये अजामीनपात्र वॉरंट निघालं. काही दिवसांतच त्यांनी ते रद्द करून घेतलं. तरी 15 ऑगस्टला, स्वातंत्र्यदिनी, पोलिसांनी त्यांना अटक केली. वॉरंट रद्द झालंय हे ते सांगत असतानाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. 2011 मध्ये न्यायालयानं सांगितलं, की वॉरंटं क्रमांक घातलेल्या छापील फॉर्मवरच काढा, त्यांची नोंदवही ठेवा, रद्द झालं तर ते पोलिसांना कळवून कागद परत मागवा. त्या अटकेबद्दल पोलिस अधिकाऱ्यानं द्यायची भरपाई उच्च न्यायालयानं ठरवली होती, ती कायम राहिली. रक्कम 2000 रुपये.